चौथ्या दिवशी साखर

आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये जांभळाचं एक झाड आहे. भाईंदरच्या नवघरमध्ये पूर्वी वाड्या होत्या, त्यांतलं हे उरलेलं. बिल्डरने ते का तोडलं नाही कोणास ठाऊक, बहुधा विसरला असेल. मे महिना संपत आला की खाली उभ्या केलेल्या गाड्यांवर जांभळे डाग पडतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाड तोडायचा विषय निघतो. आमचं घर तळमजल्यावर, खिडकी थेट झाडासमोर. त्यामुळे झाडाच्या बाजूने भांडायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं आणि मी ते मनापासून करते.

मी शैला. केबिन रोडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं नोकरी करत होते. रक्त, लघवी, थुंकी. दिसेल ते मोजायचं आणि मोजलं ते लिहायचं. नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. दत्ताराम. मूळचे लांज्याकडचे, भाईंदरला आले ते स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला. तीस वर्षं फिरत्या चाकावर ताटं-वाट्या धरून त्यांनी भांड्यांना चकाकी आणली आणि ती सगळी धूळ छातीत साठवली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मीरा रोडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि मी लॅबवाली म्हणून मला आडपडदा न ठेवता सांगितलं. फुप्फुसं आक्रसली आहेत, परत सुटायची नाहीत, वर्ष निघालं तर पुष्कळ. दत्ताराम बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर येऊन त्यांना म्हटलं, गोळ्या बदलल्यात.

मी नोकरी सोडली. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणून हॉलमधल्या दिवाणाजवळ ठेवलं. दत्ताराम नाकात नळी अडकवून दिवसभर खिडकीतून झाड बघत बसायचे. मे महिन्यात फळं पडायला लागली तशी त्यांना चैन पडेना. कोकणातल्या माणसाला फळ वाया गेलेलं बघवत नाही. वॉचमनला सांगून त्यांनी झाडाखाली उलटी छत्री बांधून घेतली आणि तीत रोज दोन-तीन किलो जांभळं जमायला लागली. सरबत करून झालं, शेजाऱ्यांना वाटून झालं. मग मला ॲग्नेस आठवली.

ॲग्नेस उत्तनहून आमच्या बाजारात मासे घेऊन येते. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये शुगर तपासायला यायची, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या घरी नाताळसाठी दरवर्षी वाइन करतात. तिने मासे कापता कापता सगळी कृती सांगितली. जांभळं धुवायची नाहीत, हातानेच कुस्करायची, साखर आणि मूठभर गहू घालून बरणीत ठेवायची, पाच दिवस रोज लाकडी डावाने ढवळायची. सहाव्या दिवशी गाळून जारमध्ये भरून तोंड बंद करायचं. न धुवायचं ऐकून मी नाक मुरडलं, पण सालीवरच्या पांढुरक्या लवेत यीस्ट असतं हे मलाही माहीत होतं. दत्तारामांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. तरी त्यांनाच याचा जास्त उत्साह. हाताला काम मिळालं म्हणून असेल.

जार वीस लिटरचा, काचेचा. त्यात सात लिटर रस भरला. झाकणाला भोक पाडून नळी बसवायची, झाकणाभोवती घट्ट कणीक लावायची आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. नळी विकत आणायची गरज नव्हती. ऑक्सिजनच्या मशीनची नळी महिन्याला बदलावी लागते आणि आमच्या घरात काहीही फेकायची रीत नाही. जुनी नळी उकळून मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती. नाकाकडचा तुकडा कापून टाकला, बाकीची वापरली.

कणीक नीट बसली का ते बघायला नळीत फुंकावं लागतं. माझे दोन्ही हात कणकेने भरलेले.

"दे इकडे," दत्ताराम म्हणाले.

"तुम्ही नको."

"एक फुंकर तरी मारू दे गं मला."

त्यांनी मशीनची नळी नाकातून काढली, जारची तोंडात धरली आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं फुंकलं. मी नळी चिमटीत दाबून धरली. कणीक जराही हलली नाही. ते दहा मिनिटं खोकत होते आणि मी मनात स्वतःला शिव्या घालत होते. खोकला थांबल्यावर मी नळीचं टोक पाण्यात बुडवून चिमटी सोडली. कोंडलेली हवा बाहेर यायला हवी होती. एकही बुडबुडा आला नाही. कुठून तरी झिरपली असेल असं म्हणून मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडे सुरू झाले.

आंबवणाचे बुडबुडे एकसारख्या अंतराने येतात आणि फक्त बाहेर येतात. इथे बुडबुडा यायचा, मग पाणी नळीत बोटभर वर चढायचं, थांबायचं, खाली उतरायचं आणि पुढचा बुडबुडा यायचा. मी मिनिटाचे मोजले. सव्वीस. सवय म्हणून मोजले, दुसरं काही नाही. दत्तारामांचा श्वासही मी रोज सकाळी मोजायचे, ते झोपेत असताना, त्यांना कळू न देता. तोही सव्वीस होता.

योगायोग असतात. अठ्ठावीस वर्षांत मी एकाच दिवशी तीन सुरेश पाटील आणि तिघांचं हिमोग्लोबिन सारखं असंही बघितलं आहे. पण ते बाथरूमपर्यंत चालत गेले की पेला घाई करायचा. ते खोकले की पेल्यातलं पाणी बाहेर उडायचं. मी जार हॉलमधून स्वयंपाकघरात नेला, ओट्याखाली ठेवला. मध्ये दोन भिंती. काही फरक पडला नाही.

खात्री करून घ्यायची एक संधी मिळाली. दत्तारामांना श्वासाच्या तपासणीला बोलावलं होतं. आमची मुलगी स्वप्नाली मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहते. तिला म्हटलं, तू ने बाबांना, माझी पाठ धरलीय. ते गेले आणि मी घड्याळ घेऊन ओट्यासमोर स्टुलावर बसले. अकरा वाजून वीस मिनिटांनी पाणी नळीत चढलं, होतं त्याहून खूप वर, आणि तिथेच थांबलं. मग एका दमात पेलाभर बुडबुडे आले. असं तीनदा झालं. दुपारी स्वप्नालीने रिपोर्ट आणून दिला. तीन फुंकरा, वेळ वरच्या कोपऱ्यात छापलेली. अकरा वीस, अकरा बावीस, अकरा पंचवीस.

मी तो रिपोर्ट फाइलला लावला आणि कोणाला काही बोलले नाही. काय बोलणार होते? मुलीला वाटलं असतं, आईला ताण झेपेना.

वाइन कधी तरी थांबते. रसातली साखर संपली की बुडबुडे संपतात. रस किती दाट उरला ते मोजायला माझ्याकडे लॅबमधली लघवीची घनता मोजायची काचेची नळी होती. नवी, न वापरलेली, उगाच तोंड वाकडं करू नका. जूनच्या शेवटी तिच्यावरचा आकडा पाण्याच्या जवळ आला. बुडबुडे वीस झाले, मग सोळा, मग अकरा. आधी मला बरंच वाटलं, दत्तारामांची धाप कमी झाली म्हणून. पण ती उतरत्या आजाराची खूण नव्हती. मंगळवारी सकाळी ते चहासाठी उठले नाहीत. ओठ निळसर, बोटाला लावलेल्या मशीनवर एकोणऐंशी, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचे आणि मिटायचे. ओट्याखाली मिनिटाला सहा.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत काय करायचं ते मला सुचत होतं आणि त्याची लाज वाटत होती. मी अर्धा किलो साखर कोमट पाण्यात विरघळवली, कणीक फोडली, झाकण उघडलं आणि पाक जारमध्ये ओतला. घाईत थोडा फरशीवर सांडला. झाकण परत लावलं. पेला गप्प होता. मग एक बुडबुडा आला, मग दुसरा.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा दत्ताराम दिवाणावर उठून बसले होते आणि मला विचारत होते, चहा टाकला नाहीस का अजून?

त्यानंतर दर चौथ्या दिवशी अर्धा किलो. पाचवा दिवस लागला की पेला सुस्तावतो, म्हणून चौथा. एवढं मी आकड्यांवरून शोधून काढलं. झाकण उघडं असतं तेवढा वेळ दत्ताराम बोलता बोलता थांबतात आणि झाकण लागलं की वाक्य पुढे सुरू करतात. त्यांना ते जाणवत नाही. मी ते काम भराभर उरकते.

ऑगस्टमध्ये त्यांचा श्वास मिनिटाला सोळा झाला. बोटाच्या मशीनवर अठ्ठ्याण्णव. ऑक्सिजनचं मशीन परत केलं. गणपतीत ते चालत केबिन रोडला गेले आणि दोन पिशव्या भाजी घेऊन आले. डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, जुन्याशेजारी लावला आणि दोन्हींवरच्या तारखा परत वाचल्या. मग म्हणाले, "फोटो तसाच आहे, शैलाताई. उलट थोडा बिघडलाय. हे श्वास कुठून घेतायत?" मी म्हटलं, प्राणायाम करतात.

गणपतीपर्यंत दहा किलो साखर गेली होती. हिशोबाने जारमध्ये आता दारूच्या दुकानातल्यापेक्षा कडक काही तरी असायला हवं होतं आणि एवढ्या कडकपणात कुठलंही यीस्ट जगत नाही. मी चमचाभर काढून काडी लावली. पेटलं नाही. एक थेंब काचेवर घेऊन लॅबमध्ये गेले आणि जुन्या मैत्रिणीला, सुचेताला, म्हटलं जरा मायक्रोस्कोप दे. काचेवर एकही पेशी नव्हती. यीस्ट नाही, जंतू नाही, मेलेल्यांचे सांगाडेही नाहीत. मी तीन काचा बघितल्या. त्या जारमध्ये जिवंत असं काहीच नव्हतं आणि घरी तो साखर खात होता.

मी भित्री नाही. पण त्या दिवसापासून मला भीती वाटते, आणि ती जारची नाही. मी आजारी पडले तर? खिडकीतून येणाऱ्या मांजराने पेला लवंडला तर? लांज्याला गणपतीला भाऊबंद सगळे गेले, आम्ही दोघं गेलो नाही. घराबाहेर तासापेक्षा जास्त राहत नाही. कामवाली काढून टाकली. दुकानदार विचारतो, "काकी, मिठाई का दुकान खोला क्या?" आणि मी हसते. कधी वाटायचं, हे थांबवावं, जे व्हायचं ते होऊ द्यावं. मग आतल्या खोलीतून दत्तारामांची शीळ ऐकू यायची. तीस वर्षांत मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. मला हा माणूस हवा होता. कसाही.

ॲग्नेसला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, वाइन थांबली नाही तर?

"थांबतं गो. थांबायलाच पायजे," ती म्हणाली. मग तिचा कोयता थांबला. "तुजी अजून चालू हाय?"

मी हो म्हटलं. तिने पापलेट गुंडाळून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर तिने वाइनचं नाव काढलं नाही.

दिवाळीत दत्तारामांनी गाळ्यातल्या जुन्या मित्रांना बोलवायचं ठरवलं, वाइन चाखायला. मी म्हटलं, अजून तयार नाही. नाताळ आला, तरी मी तेच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू मला काही तरी सांगत नाहीयेस," ते म्हणाले.

"गोळ्या घेतल्यात का?" मी विचारलं.

तोवर जार गळ्यापर्यंत भरला होता. साखरेला जागा लागते आणि सात लिटरचे जवळजवळ वीस झाले होते. आणखी अर्धा किलो घातली असती तर नळीतून बाहेर आलं असतं. ओतून द्यायची छाती नव्हती. त्यातलं काय ओतलं जाईल कोणाला माहीत? म्हणून मी पाच लिटरची बाटली धुऊन खाली ठेवली, दुसरी नळी घेतली, एक टोक जारमध्ये आणि दुसरं तोंडात. टाकीतून पाणी काढताना करतात तसं. जोरात ओढलं, वाइन तोंडात आली, एक घोट गिळला गेला आणि मी नळी बाटलीत सोडली.

चव काहीच नव्हती. ना गोड, ना आंबट, ना कडू. तोंडात काही आहे असंच वाटलं नाही.

तीन लिटर काढलं. बाटलीलाही झाकण, कणीक, नळी, पेला. साध्या झाकणाने बंद करायची हिंमत झाली नाही. दोन्ही पेले शेजारी ठेवून बसले. जारचा सोळावर चालू होता. बाटलीचा गप्प होता.

दहा मिनिटांनी तो सुरू झाला. बारा.

मी आत जाऊन बघितलं. दत्ताराम पेपर वाचत होते, श्वास सोळा. त्यांचं सगळं ठीक होतं.

मग बारा कोणाचे?

मी परत स्टुलावर बसले. वाकून पेल्याजवळ गेले. काय झालंय ते कळायच्या आधीच मी श्वास रोखला होता, घाबरून.

बाटलीचा बुडबुडा थांबला.

मी श्वास सोडला. तो आला.

बाटली जारमध्ये परत ओतायचा विचार मनात आला. पण दोघांचं एकत्र झाल्यावर कोणाचं किती उरेल, हे मला कुठल्याच आकड्यावरून काढता येईना. त्या दिवसापासून दोन्हींना साखर. जारला अर्धा किलो, बाटलीला पावशेर. मी ठणठणीत होते. स्टुलावरून उठताना गुडघेसुद्धा दुखत नव्हते. फक्त बाटलीचं झाकण उघडलं की मधलं काही मला आठवायचं नाही. भानावर यायचे तेव्हा झाकण लावलेलं असायचं, साखर घातलेली असायची.

जानेवारीच्या अखेरीस स्वप्नाली राहायला आली. सातवा महिना. सासरी जिने चढायला त्रास होतो, म्हणून बाळंतपणापर्यंत इथेच राहणार होती. मी तिला ओट्याखाली हात लावू नकोस एवढंच सांगितलं. का ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे आणि तिचा चेहरा बघितला की तिच्यासाठी दूध गरम करायला वळायचे.

शुक्रवारी साखर संपली. चौथा दिवस होता. मी केबिन रोडला गेले, पाच किलो घेतली, चाळीस मिनिटांत परत आले.

दार दत्तारामांनी उघडलं. खूश दिसत होते.

स्वयंपाकघरात स्वप्नाली खुर्चीवर बसली होती. पुढ्यात लोणच्याची मोठी बरणी, वर कणीक, नळी, पेला. सगळं नीट, मी करते तसं.

"बाबा म्हणाले तुझी बाटली भरत आलीय," ती म्हणाली. "वाकून वाकून तुझी पाठ जाते. म्हटलं, बसल्या बसल्या मीच काढून ठेवते."

ती ओढणीने ओठ पुसत होती.

"नळी तोंडाने ओढलीस?"

"मग कशाने ओढणार? थोडंसं गेलं पोटात. एवढ्याने काही होत नाही गं, आई. चवसुद्धा नाही त्याला."

मी साखर खाली ठेवली. स्टुलावर बसले. तिसरा पेला गप्प होता.

दत्ताराम चहा टाकतो म्हणाले. कोणी तरी गॅस पेटवला. मी पेल्यावरची नजर काढली नाही. मनात एकच होतं, येऊ नकोस.

स्वप्नालीने पोटावर हात ठेवला. "सकाळपासून लाथा मारत होतं," ती म्हणाली. "आता बघ, एकदम शांत."

बुडबुडा आला. पाणी नळीत चढलं, थांबलं, उतरलं. दुसरा आला. स्वप्नालीचा खांदा त्याच्याबरोबर वर गेला आणि खाली आला.

मी पुढचा यायची वाट बघत होते. तो यायच्या आधी नळीच्या टोकाशी आणखी दोन आले, भराभर, मोहरीएवढे.